पहिला स्वेटर: चार सरळ तुकड्यांचा, पायरीपायरीने

पहिला स्वेटर फसतो तेव्हा टाके बहुधा नीटच असतात. फसलेलं असतं ते गणित. नमुना (माप काढण्यासाठीचा छोटा तुकडा) न विणता सुरुवात केलेली असते, लोकर अंदाजाने घेतलेली असते, गळा ‘साधारण इथून’ म्हणत काढलेला असतो, आणि बाही आतून जोडताना एक जास्त ओढली गेलेली असते. सुलट आणि उलट हे दोन टाके हाताला बसले असतील, टाके घालता आणि बंद करता येत असतील, तर खालचा स्वेटर जमण्यासारखा आहे. क्रम मात्र मोडू नका. पहिल्या पाचही पायऱ्या पाठीचे टाके घालण्याआधीच्या आहेत आणि वेळ वाचवण्यासाठी लोक नेमक्या त्याच गाळतात.

## १. काय विणायचं ते आधी ठरवा

पहिल्या स्वेटरला तीन अटी लावा: एकाच रंगाची लोकर, साधी वीण (एक ओळ सुलट, एक ओळ उलट) आणि आकार देण्याचं काम कमीत कमी. या अटींत बसणारे तीन प्रकार आहेत.

बिनबाह्यांचा स्वेटर. पाठ आणि पुढचा भाग, एवढे दोनच तुकडे. पटकन संपतो, पण गळ्याचं काम त्यातही करावंच लागतं.

दोन-तीन वर्षांच्या मुलाचा स्वेटर. तुकडे छोटे, त्यामुळे उसवावं लागलं तरी जीव जात नाही. अडचण एकच: लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. गळा आखूड झाला तर स्वेटर डोक्यातून जाणारच नाही. एक खांदा न शिवता त्याला दोन-तीन बटणं लावणं हा खात्रीचा उपाय.

उतरत्या खांद्याचा मोठ्यांचा स्वेटर. यात मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या जागेला, गोलाई नसते. पाठ आणि पुढचा भाग सरळ आयत, बाही वर रुंद होत जाणारी पट्टी. खांद्याची शिवण दंडावर थोडी खाली उतरते.

या लेखात तिसरा प्रकार पूर्ण मापांसह घेतला आहे. तो समजला की पहिले दोन त्याच गणिताने निघतात. केबल (वेणीसारखी वीण), दोन रंगांची नक्षी, जाळी, पुढून उघडणारा बटणपट्टीचा स्वेटर हे सगळं दुसऱ्या खेपेला.

## २. सामान

लोकर: मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिक्या किंवा मध्यम रंगाची. लेबलवर सुईचं माप ४.५ ते ५ मिमी आणि १०० ग्रॅमला साधारण २०० मीटर लांबी असेल तर ती या स्वेटरला चालेल. काळी किंवा गडद निळी लोकर पहिल्यांदा टाळा, कारण टाके मोजताच येत नाहीत. केसाळ लोकर त्याहून वाईट. ती उसवताना गुंतते. सुती धागा दिसायला छान असला तरी त्याला लवचीकपणा नसतो आणि मोठा तुकडा स्वतःच्या वजनाने लांबतो.

सुया: ५ मिमी मुख्य भागाला, ४ मिमी बॉर्डरला. सुई नंबरवरून घेत असाल तर नंबर कोणत्या पद्धतीचा आहे ते बघा. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते: ६ नंबर म्हणजे ५ मिमी, ८ नंबर म्हणजे ४ मिमी. अमेरिकन पद्धतीत नेमकं उलटं आहे, तिथे ६ नंबर ४ मिमीचा आणि ८ नंबर ५ मिमीचा. म्हणून मिलिमीटरच पाहावेत. शक्य असेल तर ८० सेमीची, मधे वायर असलेली गोल सुई घ्या. तिच्यावरही सरळ सुयांसारखं जा-ये करत विणता येतं, आणि तुकड्याचं वजन मनगटाऐवजी मांडीवर पडतं.

बाकी गोष्टी: मोजपट्टी, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, क्रोशाची सुई (निसटलेला टाका उचलायला), खुणेच्या कड्या किंवा सेफ्टी पिना, वजनकाटा, वही आणि पेन्सिल. वही सोडू नका. कोणत्या ओळीला काय केलं हे लक्षात राहतं असं वाटतं, पण पुढचा भाग पाठीशी जुळवायची वेळ आली की राहत नाही.

लोकरीचा एकच गुंडा आधी आणा. पूर्ण लोकर पाचव्या पायरीनंतर.

## ३. मापं

अंगाचं माप घेण्यापेक्षा, ज्याला स्वेटर हवा त्याला नीट बसणारा एखादा जुना स्वेटर सपाट पसरून मोजणं जास्त भरवशाचं. तसा नसेल तर अंगावरून ही पाच मापं घ्या:

- छातीचा घेर
- खांद्यापासून खालपर्यंतची उंची
- पाठीच्या मध्यापासून मनगटापर्यंतचं अंतर, हात बाजूला किंचित उचलून
- दंडाचा घेर
- मनगटाचा घेर

छातीच्या घेरात मोकळीक मिळवायची. उतरत्या खांद्याला ८ ते १२ सेमी लागते. मोकळीक न धरता छाती ९२ म्हणून स्वेटरही ९२ केला, तर तो अंगावर ताणला जातो आणि खांदे दंडावर नीट बसत नाहीत.

उदाहरणासाठी पुढे सगळीकडे ही मापं धरली आहेत: छाती ९२, तयार स्वेटरचा घेर १०२, उंची ६०, मुंढ्याची खोली २२, बाही ४५ सेमी. बाहीचं माप असं निघालं: पाठीच्या मध्यापासून मनगटापर्यंत ७०.५, त्यातून स्वेटरच्या पाठीची अर्धी रुंदी २५.५ वजा. खांदा ते मनगट मोजून तेवढी बाही विणली तर ती बोटांपर्यंत येते, कारण या प्रकारात खांदा आधीच दंडावर उतरलेला असतो.

## ४. नमुना

५ मिमी सुईवर ३२ टाके घाला. पहिल्या चार आणि शेवटच्या चार ओळी पूर्ण सुलट विणा, मधे साधी वीण. प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांचे तीन-तीन टाके नेहमी सुलट ठेवा, म्हणजे कडा गुंडाळणार नाहीत. एकूण ४० ओळी, मग टाके सैल बंद.

आता तो धुवा, अगदी पुढे स्वेटर धुणार तसाच. सपाट वाळवा. पूर्ण वाळल्यावर मधोमध मोजपट्टी ठेवून १० सेमीत किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजा. अर्धा टाका आला तर अर्धाच लिहा. कडेपासून मोजू नका, सुईवर असताना मोजू नका, आणि हाताने ओढून हवा तो आकडा आणू नका.

उदाहरणात १० सेमीत १८ टाके आणि २४ ओळी धरल्या आहेत. म्हणजे सेमीला १.८ टाके, २.४ ओळी.

तुमचे टाके १९ आले तर? फरक किरकोळ वाटतो. पण शिवण वगळून या स्वेटरच्या घेरात १८४ टाके आहेत. सेमीला १.८ ने ते १०२ सेमी होतात, १.९ ने जेमतेम ९७, आणि १० सेमीत २० टाके बसत असतील तर ९२. सगळी मोकळीक गेली. टाके जास्त आले तर अर्धा मिमी जाड सुई घेऊन नवा नमुना विणा, कमी आले तर बारीक सुई. हात मुद्दाम सैल किंवा घट्ट ठेवून आकडा जुळवू नका. दहाव्या ओळीला हात आपल्या सवयीवर येतो.

ओळींचा आकडा थोडा वेगळा आला तरी चालतो, कारण ओळी वाढवता-घटवता येतात. टाके एकदा घातले की घातले.

> सावधान: नमुना ज्या सुईवर विणला त्याच सुईवर स्वेटर विणा. धातूच्या आणि बांबूच्या सुईवर एकाच हाताचे टाके वेगळे पडू शकतात.

## ५. गणित आणि लोकर

पाठीची रुंदी ५१ सेमी. ५१ × १.८ = ९१.८, म्हणजे ९२ टाके. दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीत जातो, म्हणून ९४.

हा आकडा बॉर्डरलाही जुळला पाहिजे. दोन सुलट-दोन उलट बॉर्डर शिवणीपाशी अखंड दिसायची तर टाके ‘चारच्या पटीत अधिक दोन’ हवेत. ९४ म्हणजे ४ × २३ + २, तो बसतो. तुमचा आकडा बसत नसेल तर जवळचा बसणारा घ्या. एक-दोन टाक्यांनी सेमीभराचाच फरक पडतो.

बाकीचे आकडे:

- पाठ, बॉर्डरनंतर: ५४ सेमी × २.४ = १३० ओळी
- मुंढ्याची खूण: बॉर्डरनंतर ७६ ओळी झाल्यावर, वर उरतात ५४
- गळ्याची रुंदी २० सेमी: ३६ टाके, प्रत्येक खांद्याला २९
- बाहीची सुरुवात ४२ टाके, वरचं टोक ८२ टाके

आता लोकर किती? नमुन्याचं वजन करा. समजा तो १८ × १७ सेमी, म्हणजे ३०६ चौरस सेमी आहे आणि वजन १६ ग्रॅम. स्वेटरचं क्षेत्रफळ: पाठ आणि पुढा मिळून २ × ५१ × ६० = ६१२०, दोन बाह्या सरासरी ३४ सेमी रुंद धरून २ × ३४ × ४५ = ३०६०. एकूण ९१८०, नमुन्याच्या ३० पट. ३० × १६ = ४८० ग्रॅम. त्यावर १५ टक्के जास्त धरा, कारण बॉर्डर, गळपट्टी, शिवण आणि उसवणं यात लोकर जातेच. म्हणजे ५५० ग्रॅम. गुंडे ५० किंवा १०० ग्रॅमचे असतील त्याप्रमाणे वरच्या आकड्याला पूर्ण करा.

> तपासा: सगळ्या गुंड्यांच्या लेबलवर रंगाच्या नंबराखेरीज लॉटचा, म्हणजे एकत्र रंगवलेल्या घाण्याचा नंबर असतो. तो एकच हवा. लॉट बदलला की दुकानातल्या उजेडात न दिसणारा फरक स्वेटरवर आडव्या पट्ट्यासारखा दिसतो. वेगळा लॉट घ्यावाच लागला तर तो बॉर्डर आणि गळपट्टीला वापरा, किंवा दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन दुसऱ्याच्या असं आलटूनपालटून विणा.

## ६. पाठ

बॉर्डर. ४ मिमी सुईवर ९४ टाके घाला. लांब शेपटाच्या पद्धतीने घालत असाल तर शेपूट, म्हणजे सुरुवातीला सोडलेलं लोकरीचं मोकळं टोक, तुकड्याच्या रुंदीच्या साडेतीनपट, म्हणजे इथे पावणेदोन-दोन मीटर ठेवा. हात घट्ट असेल तर टाके ५ मिमीवर घालून पहिली ओळ ४ मिमीने विणा. दर वीस टाक्यांनंतर एक कडी अडकवली की पुन्हापुन्हा मोजावं लागत नाही.

पहिली ओळ (सुलट बाजू): २ सुलट, मग *२ उलट, २ सुलट* (ताऱ्यांमधलं पुन्हापुन्हा) शेवटपर्यंत.
दुसरी ओळ: २ उलट, मग *२ सुलट, २ उलट* शेवटपर्यंत.
अशा १६ ओळी, साधारण ६ सेमी.

> सावधान: सुलटवरून उलटवर जाताना लोकर दोन सुयांच्या मधून पुढे आणायची आणि उलटवरून सुलटवर जाताना मधूनच मागे न्यायची. सुईच्या वरून नेली तर तिथे एक जादा फास तयार होतो आणि पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो. बॉर्डरमध्ये टाके वाढण्याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण कडेला असतं: ओळ सुरू करताना लोकर सुईवरून मागे ओढली गेली की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय (फासाच्या दोन बाजू) वर येतात आणि तो दोन टाक्यांसारखा दिसतो.

अंग. ५ मिमी सुई घ्या. साधी वीण, १३० ओळी. ७६ ओळी झाल्या की दोन्ही कडांना रंगीत धागा बांधा. बाही इथून वर जोडायची आहे.

ओळी मोजा, मोजपट्टीवर विसंबू नका. लटकणारा तुकडा ओढला जातो आणि पट्टीला रोज वेगळं माप देतो. दर दहा ओळींनी कडेला एक कडी लावली तर १३० पर्यंत मोजणं सोपं जातं. त्याच वेळी टाकेही मोजा. ९४ च हवेत.

नवा गुंडा ओळीच्या सुरुवातीलाच जोडा, मधे नाही. दोन्ही टोकं १५ सेमी सोडा, ती नंतर शिवणीत लपतात. हातातली लोकर रुंदीच्या चौपट उरली नसेल तर ती ओळ सुरूच करू नका.

ओळ अर्धवट सोडून उठू नका. उठलातच तर परत आल्यावर दिशा चुकण्याचा धोका असतो. ज्या टाक्याला गुंड्याची लोकर जोडलेली आहे तो उजव्या हाताच्या सुईवर असला पाहिजे. दिशा चुकली की त्या जागी दोन ओळींची पायरी आणि एक भोक पडतं.

१३० ओळी झाल्या की सुलट बाजूने सगळे ९४ टाके बंद करा. मधले ३६ टाकेही बंदच करा, नुसते दोऱ्यावर धरून ठेवू नका. स्वेटरचं सगळं वजन मागच्या गळ्यावर लटकतं. तिथे बंद केलेली कड असेल तर गळा खाली ओघळत नाही. डावीकडून २९ आणि उजवीकडून २९ टाक्यांवर धाग्याची खूण करा.

## ७. पुढचा भाग

११० ओळींपर्यंत सगळं पाठीसारखंच, ७६ ओळींनंतरच्या खुणेसह. त्यानंतर गळा.

१११ वी ओळ (सुलट बाजू): ३९ टाके विणा. मधले १६ बंद करा. सोळावा टाका बंद झाल्यावर उजव्या सुईवर एक टाका उरतो, तो पुढच्या ३९ मधला पहिला धरायचा. डाव्या सुईवरचे ३८ विणून ओळ संपवा. पहिले ३९ टाके जाड दोऱ्यावर काढून ठेवा.

आता विणायची बाजू (गळा सुलट ओळीच्या सुरुवातीला येतो):
- ११२: उलट
- ११३: सुरुवातीला ३ टाके बंद, उरले ३६
- ११४: उलट
- ११५: सुरुवातीला २ बंद, उरले ३४
- ११६: उलट
- ११७, ११९, १२१, १२३, १२५: पहिला टाका सुलट, मग एक टाका डावीकडे झुकवून कमी. त्यासाठी दोन टाके सुलट विणायच्या पद्धतीने एकेक करून न विणता उजव्या सुईवर घ्या, डाव्या सुईचं टोक त्यांच्या पुढून आत घाला आणि दोन्ही एकत्र विणा. मधल्या ओळी उलट. शेवटी उरले २९
- १२६ ते १३०: सरळ. मग २९ टाके बंद

दुसरी बाजू: दोऱ्यावरचे ३९ टाके सुईवर घ्या. उलट बाजू समोर ठेवून गळ्याच्या कडेला लोकर जोडा. इथे गळा उलट ओळीच्या सुरुवातीला येतो, म्हणून ११२ व्या ओळीला ३ आणि ११४ व्या ओळीला २ टाके बंद करायचे. ११७ पासून १२५ पर्यंत प्रत्येक सुलट ओळीत शेवटचे तीन टाके उरेपर्यंत विणा, दोन टाके एकत्र सुलट, शेवटचा सुलट. १३० ओळी पूर्ण करून २९ टाके बंद.

दोन्ही बाजूंना टाके कमी करण्याची पद्धत वेगळी ठेवली आहे, कारण एक टाका डावीकडे झुकतो, दुसरा उजवीकडे. एकच पद्धत दोन्हीकडे वापरली तर गळ्याची एक कड गुळगुळीत आणि दुसरी करवतीसारखी दिसते.

> तपासा: पाठीवर पुढचा भाग ठेवा. मुंढ्याच्या खुणा आणि खांदे जुळतात का? जुळत नसतील तर माप घेत बसू नका, कडेच्या कड्यांवरून ओळी मोजा. चूक आत्ता दुरुस्त होते. शिवल्यावर ती स्वेटर तिरका होऊन दिसते.

## ८. बाह्या

दोन बाह्या एकाच सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी एकाच वेळी विणता आल्या तर उत्तम. दोन्हींची लांबी आणि वाढीच्या जागा आपोआप सारख्या राहतात.

४ मिमीवर ४२ टाके, १६ ओळी बॉर्डर. मग ५ मिमीवर ९४ ओळी साधी वीण. टाके वाढवायचे ते ३ ऱ्या, ७ व्या, ११ व्या… असं दर चौथ्या ओळीला, शेवटची वाढ ७९ व्या ओळीत. एकूण वीस वेळा, दर वेळी दोन्ही टोकांना एकेक. ४२ + ४० = ८२. पुढच्या १५ ओळी सरळ, मग सगळे टाके सैल बंद.

वाढवण्याची पद्धत: पहिला टाका विणा, तो आणि पुढचा टाका यांच्यामधली आडवी दांडी डाव्या सुईने पुढून उचला आणि तिच्या मागच्या पायातून सुलट विणा. पुढच्या पायातून विणली तर भोक राहतं. ओळीच्या शेवटी एक टाका उरला असताना हेच पुन्हा करा. अगदी कडेच्या टाक्यात वाढ करू नका, शिवताना दांड्या सापडत नाहीत.

वहीत वीस चौकोन काढून प्रत्येक वाढीला एक खोडा.

## ९. धुऊन मापात बसवणं

शिवायच्या आधी. नंतर केलं तर शिवण ओढलेली राहते.

चारही तुकडे कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा. चोळू नका, पिळू नका. उचलताना खालून दोन्ही हातांचा आधार द्या, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग सपाट जागी पसरून मोजपट्टीने मापात आणा: पाठ आणि पुढा शिवणीच्या टाक्यांसह ५२ सेमी रुंद, ६० उंच, बाही वर ४५-४६ रुंद, ४५ लांब. कडा पिनांनी टोचून पूर्ण वाळू द्या. बॉर्डर ताणून टोचू नका, तिची पकड जाते.

साध्या विणीच्या कडा वळतातच. ती चूक नाही; वाळल्यावर बऱ्याच सपाट होतात आणि उरलेलं शिवण सांभाळते.

> सावधान: अ‍ॅक्रिलिक लोकरीला इस्त्री टेकवू नका. उष्णतेने धागा मऊ पडून लुळा होतो, आणि तो परत पूर्ववत होत नाही.

## १०. जोडणी, याच क्रमाने

पहिला खांदा. घालणाऱ्याचा उजवा खांदा आधी शिवा. पाठीचे २९ आणि पुढचे २९ टाके समोरासमोर, टाक्याला टाका. थोडं घट्ट ओढा, खांदा ताणला जाऊ नये.

गळपट्टी. दुसरा खांदा उघडा असल्यामुळे गळपट्टी सरळ सुयांवर विणता येते. सुलट बाजूने, ४ मिमी सुईवर, डाव्या खांद्याच्या पुढच्या टोकापासून टाके उचला: गळ्याची डावी बाजू १७, मधले १६, उजवी बाजू १७, पाठीचे ३६. एकूण ८६, पुन्हा चारच्या पटीत अधिक दोन. पायऱ्यांच्या कोपऱ्यात भोक दिसत असेल तर तिथे एक टाका जास्त उचला आणि पुढच्या ओळीत दोन एकत्र विणून आकडा ८६ वर आणा. पहिली ओळ उलट बाजूची: २ उलट, *२ सुलट, २ उलट*. आठ ओळी विणा. बंद करताना ५ मिमी सुई घ्या आणि सुलटवर सुलट, उलटवर उलट टाका ठेवा.

> तपासा: गळपट्टी पूर्ण ताणून मोजा. डोक्याच्या घेरापेक्षा दोन-तीन सेमी जास्त भरली पाहिजे. कमी भरली तर दोष बहुतेक बंद केलेल्या ओळीत असतो; तेवढीच उसवून आणखी जाड सुईने बंद करा.

मग डावा खांदा आणि गळपट्टीची टोकं शिवा.

बाह्या. स्वेटर सपाट पसरा. बाहीच्या वरच्या कडेचा मध्य खांद्याच्या शिवणीला पिनेने लावा, दोन टोकं मुंढ्याच्या खुणांना. शिवणीचे दोन टाके सोडले तर बाहीचे ८० टाके १०८ ओळींना जोडायचे आहेत. म्हणजे दर तीन टाक्यांना चार ओळी. टाक्याला ओळ असं जोडत गेलात तर पाऊण मुंढ्यापाशीच बाही संपते आणि मुंढा उरतो. मग उरलेला भाग चुण्या घालून बसवला जातो आणि काखेत फुगा येतो.

बाजू. बॉर्डरपासून काखेपर्यंत आणि तिथून मनगटापर्यंत एकाच शिवणीने. दोन्ही तुकड्यांची सुलट बाजू वर ठेवा. कडेचा एक टाका सोडून आतल्या आडव्या दांड्या दिसतात. एका बाजूची दांडी, मग समोरची, अशी आलटूनपालटून सुई घाला. आठ-दहा दांड्यांनंतर धागा हलकेच ओढला की शिवण मिटते. बॉर्डरपाशी दोन्हीकडचा एकेक सुलट टाका मिळून एक पूर्ण पट्टी तयार होते.

शिवायला तीच लोकर वापरा. ती तुटत असेल तर त्याच रंगाची पातळ, गुळगुळीत लोकर. गाठ मारू नका, टोकं शिवणीतून ७-८ सेमी पुढे-मागे फिरवून कापा.

## चूक सापडली तर

टाका निसटला: आधी सेफ्टी पिनेत अडकवा. मग क्रोशाच्या सुईने सुलट बाजूने, खालच्या दांडीपासून एकेक दांडी फासातून ओढत वर आणा. दांडी चुकली तर तिथे सैल दोरा राहतो, परत सोडून पुन्हा उचला.

सगळे टाके पिळलेले दिसतात: उलट टाक्याला लोकर विरुद्ध दिशेने गुंडाळली जाते आहे, किंवा सुलट टाका मागच्या पायातून विणला जातो आहे. अशी वीण घट्ट आणि तिरकी होते. हे नमुन्यावरच सुधारा.

सुलट ओळी घट्ट, उलट सैल: मागच्या बाजूला दोन-दोन ओळींचे पट्टे दिसतात. उलट ओळीला अर्धा मिमी बारीक सुई वापरून बघा. गोल सुईची टोकं बदलता येत असतील तर एका टोकाला बारीक सुई बसवा. नमुनाही तसाच विणून माप घ्या.

बऱ्याच ओळी उसवायच्या आहेत: चुकीच्या खालच्या एका चांगल्या ओळीतून बोथट सुईने पातळ रंगीत दोरा प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून ओवा, मग सुई काढून उसवा. उसवण दोऱ्यापाशी थांबते. गळा सुरू करण्याआधी ११० व्या ओळीला असा दोरा आधीच घालून ठेवलेला बरा.

मापं बदलायची आहेत: बिनबाह्यांच्या स्वेटरला मोकळीक ५ सेमी पुरे. याच छातीला ९० टाके होतात आणि खांदे २७ चे. खांदे शिवल्यावर, बाजू शिवण्याआधी, खुणेपासून खुणेपर्यंत मुंढ्यावरून ८२ टाके उचलून ४ मिमीवर सहा ओळी बॉर्डर विणा. लहान मुलाचा ३१ सेमी रुंदीचा स्वेटर ५८ टाक्यांवर बसतो: ३१ × १.८ = ५६, अधिक शिवणीचे दोन. उंची, मुंढा आणि गळा मुलाच्या मापाने, आणि प्रत्येक आकड्याला तुमच्या नमुन्याचे टाके लावायचे, इथले १८ नव्हेत.